थॅलिडोमाइड मायलोमावर का दिले जाते, आणि ते घरात कसे सांभाळावे

प्रश्न असा आहे. ६७ वर्षांच्या वडिलांना मल्टिपल मायलोमा हा रक्ताचा कर्करोग झाल्याचे निदान झाले असून बोर्टेझोमिब (मायलोमावरचे इंजेक्शन) आणि डेक्सामेथासोन (एक स्टेरॉइड) यांच्या जोडीला थॅलिडोमाइडच्या कॅप्सूल लिहून दिल्या आहेत. हेच औषध गर्भातील बाळांचे हातपाय खुंटवणारे म्हणून जगभर बदनाम झाले होते, हे वाचल्यापासून घरातले सगळे धास्तावले आहेत. त्यातच घरातील सून गरोदर आहे. असे औषध पुन्हा वापरात आलेच कसे, ते वडिलांना द्यावे का, आणि घरात ठेवावे का?

रक्ताच्या कर्करोगावर उपचार करताना हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो, आणि तो प्रत्येक घराने विचारावा असेच मला वाटते. थोडक्यात उत्तर द्यायचे तर वडिलांना हे औषध देण्यामागे भक्कम वैद्यकीय आधार आहे, आणि योग्य काळजी घेतल्यास ते घरात ठेवताही येते. परंतु तुमची भीती निराधार नाही. तेव्हाचे औषध वेगळे होते आणि आताचे सुधारलेले आहे, असे कोणी सांगत असेल तर ते खरे नाही. रेणू तोच आहे. गर्भाला त्याच्यापासून असलेला धोका १९६० साली जेवढा होता तेवढाच आजही आहे. बदलले आहे ते आपले ज्ञान आणि औषध देण्याची शिस्त, आणि त्यातली शिस्त ढिली पडली तर जुनी दुर्घटना पुन्हा घडू शकते.

पश्चिम जर्मनीतील ग्रुनेंथाल कंपनीने १ ऑक्टोबर १९५७ रोजी हे औषध ‘कॉन्टेरगान’ या नावाने बाजारात आणले. त्या काळी झोपेसाठी बार्बिट्युरेट वर्गातील गोळ्या सर्रास घेतल्या जात, आणि त्यांचा डोस जास्त झाल्याने माणसे दगावत. थॅलिडोमाइड मात्र उंदरांना कितीही दिले तरी ते मरत नाहीत, असे प्रयोगांत दिसले. यावरून ते पूर्णपणे निर्धोक आहे असा निष्कर्ष काढला गेला, तशी जाहिरात झाली, आणि पश्चिम जर्मनीत ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळू लागले. गरोदरपणातील मळमळ आणि अस्वस्थपणा यांवर अनेक देशांतील स्त्रियांना ते दिले गेले. गर्भधारणेनंतर साधारण २० ते ३६ दिवस या अवधीत गर्भाचे हात, पाय, कान, डोळे, हृदय यांची जडणघडण सुरू असते. आपल्याला दिवस गेले आहेत हेही कित्येक स्त्रियांना तोवर ठाऊक नसते. नेमक्या त्या दिवसांत घेतलेली एखादी गोळीसुद्धा पुरेशी ठरू शकत होती.

१९६१ च्या अखेरीस हॅम्बुर्गमधील बालरोगतज्ज्ञ विडुकिंड लेन्ट्स आणि सिडनीतील प्रसूतितज्ज्ञ विल्यम मॅकब्राइड यांनी स्वतंत्रपणे या औषधाकडे बोट दाखवले. नोव्हेंबर १९६१ मध्ये जर्मनीत आणि पुढच्याच महिन्यात ब्रिटनमध्ये ते मागे घेण्यात आले. जपानला मात्र सप्टेंबर १९६२ उजाडावा लागला, आणि त्या विलंबाची किंमतही बाळांनीच मोजली. जगभरात १०,००० हून अधिक बालके व्यंगासह जन्मली असा सर्वसाधारण अंदाज आहे. त्यांपैकी कित्येक जन्मल्यावर लवकरच दगावली, आणि जे गर्भ जन्मापर्यंत पोहोचलेच नाहीत त्यांची मोजदाद कधी झालीच नाही. ग्रुनेंथाल कंपनीने पीडितांची जाहीर माफी मागितली ती २०१२ साली, म्हणजे तब्बल अर्ध्या शतकानंतर. या व्यक्ती आज साठीत आहेत. आयुष्यभर खांदे, पाठ आणि दात यांवर अतिरिक्त ताण देऊन कामे केल्यामुळे त्यांतील अनेकांना आता नवीन वेदनांना तोंड द्यावे लागत आहे. या औषधाच्या आजच्या उपयोगाबद्दल बोलताना ही माणसे हयात आहेत याचा विसर कोणत्याही डॉक्टरला पडता कामा नये.

अमेरिकेत हे औषध विक्रीला आले नाही, आणि त्यामागचे कारण तुमच्या वडिलांच्या उपचारांशी थेट जोडलेले आहे. औषध नियामक संस्थेत नुकत्याच रुजू झालेल्या डॉ. फ्रान्सिस केल्सी यांच्याकडे सप्टेंबर १९६० मध्ये या औषधाचा अर्ज आला. पुरावा अपुरा आहे असे सांगून त्या तो वारंवार परत पाठवत राहिल्या. त्याच सुमारास एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात एका डॉक्टरांचे पत्र प्रसिद्ध झाले. दीर्घकाळ थॅलिडोमाइड घेणाऱ्या रुग्णांच्या हातापायांना मुंग्या येतात आणि बधिरपणा जाणवतो, असे त्यात म्हटले होते. जे औषध मोठ्या माणसाच्या नसांना इजा करते ते गर्भात काय करील, हा प्रश्न केल्सी यांनी कंपनीला विचारला, आणि त्याचे उत्तर कंपनीकडे नव्हते. तरीही चाचणीच्या नावाखाली अमेरिकेतील हजाराहून अधिक डॉक्टरांना गोळ्या वाटल्या गेल्या होत्या आणि काही बालके तिथेही बाधित झाली. मात्र मोठा अनर्थ टळला. नवे औषध बाजारात आणण्यापूर्वी ते गुणकारी असल्याचा पुरावा देणे १९६२ च्या कायद्याने अमेरिकेत बंधनकारक झाले, तेही याच प्रकरणानंतर. नसांवरील तो दुष्परिणाम आजही या औषधाचा सर्वांत त्रासदायक दुष्परिणाम आहे. त्याविषयी पुढे सविस्तर लिहितो.

औषध मागे घेतले गेले तरी ते पूर्ण नाहीसे झाले नाही. १९६४ साली जेरुसलेममध्ये डॉ. जेकब शेस्किन कुष्ठरोगाच्या रुग्णांवर उपचार करत होते. कुष्ठरोगात कधी कधी एक तीव्र प्रतिक्रिया उद्भवते. अंगभर लालसर, दुखऱ्या गाठी येतात, ताप चढतो, नसा ठणकतात. अशा अवस्थेत झोप न लागणाऱ्या रुग्णाला शेस्किन यांनी केवळ झोपेसाठी थॅलिडोमाइड दिले, आणि थोड्याच काळात गाठीच ओसरू लागल्या. महाराष्ट्रात कुष्ठरोगाचे काम केलेल्या कोणालाही या प्रतिक्रियेचे दुखणे माहीत आहे, आणि आपल्याकडेही निवडक रुग्णांना तज्ज्ञांच्या देखरेखीखाली त्यासाठी हे औषध देतात. जगातील नव्या कुष्ठरुग्णांपैकी निम्म्याहून अधिक भारतात असल्यामुळे हा उपयोग आपल्यासाठी परका नाही. अमेरिकेनेही जुलै १९९८ मध्ये या औषधाला पहिली मान्यता दिली ती याच कारणासाठी.

कर्करोगाकडे जाणारा रस्ता बॉस्टनमधून निघाला. गाठ वाढायची तर तिला नव्या रक्तवाहिन्या लागतात, तेव्हा रक्तवाहिन्यांची वाढ रोखली तर गाठ उपाशी मरेल, असा सिद्धान्त ज्युडा फोकमन यांनी मांडला होता. त्यांच्या प्रयोगशाळेतील रॉबर्ट डी’अमॅटो यांनी त्यावरून उलटा विचार केला. वाढत्या गर्भालाही नव्या रक्तवाहिन्या लागतात, मग गर्भात व्यंग निर्माण करणारी औषधे कदाचित रक्तवाहिन्यांची वाढ रोखत असतील. १९९४ साली त्यांनी सशांच्या डोळ्यांवरील प्रयोगांतून थॅलिडोमाइड खरोखरच तसे करते हे दाखवले. पुढे १९९७ मध्ये मायलोमाने गंभीर आजारी असलेल्या एका रुग्णाच्या पत्नीने फोकमन यांचा सल्ला घेतला, आणि अर्कान्सा विद्यापीठातील डॉ. बार्ट बार्लोगी यांनी हे औषध देऊन पाहण्याची तयारी दाखवली. त्या पहिल्या रुग्णाला उपयोग झाला नाही. त्यानंतरच्या काहींना मात्र झाला, आणि तोही असा की पुढील अभ्यास करणे भागच होते.

१९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ८४ रुग्ण होते. इतर उपचारांना त्यांचा आजार दाद देईनासा झाला होता आणि बहुतेकांचे अस्थिमज्जा प्रत्यारोपणाच्या वेळचे तीव्र केमोथेरपीचे उपचारही होऊन गेले होते. त्यांपैकी जवळपास ३२ टक्के रुग्णांच्या रक्तातील किंवा लघवीतील, मायलोमाच्या पेशींनी तयार केलेले प्रथिन किमान एक चतुर्थांशाने घटले, काहींचे तर जवळजवळ नाहीसे झाले. ज्यांनी त्या काळात मायलोमाचे रुग्ण पाहिले नाहीत त्यांना हा आकडा लहान वाटेल. त्याआधीची सुमारे तीन दशके या आजारावर मुख्यतः मेल्फलान हे केमोथेरपीचे औषध आणि प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड यांवरच भिस्त होती. तीव्र केमोथेरपी आणि प्रत्यारोपण हा पर्याय नंतर आला, पण तोही सर्वांना झेपणारा नव्हता. हाडे ठिसूळ होऊन खोकल्याने बरगडी मोडलेली, मूत्रपिंडे निकामी होत चाललेली, रक्त कमी झाल्याने चार पावलांत दमणारी माणसे समोर असत आणि देण्यासारखे दुसरे काही नसे. अशा वेळी तोंडाने घ्यायच्या एका जुन्या गोळीने तिघांतल्या एकाला उतार पडतो, ही फार मोठी गोष्ट होती. मे २००६ मध्ये डेक्सामेथासोनसोबत नव्या मायलोमा रुग्णांसाठी अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. २०१९ साली जागतिक आरोग्य संघटनेने आवश्यक औषधांच्या यादीत मायलोमासाठी थॅलिडोमाइड समाविष्ट केले.

औषध लागू पडले, पण ज्या कारणासाठी ते देऊन पाहिले गेले ते कारण अपुरे निघाले. रक्तवाहिन्या रोखणे हे मायलोमातील त्याचे मुख्य काम नाही. खरे काम समजण्यासाठी २०१० साल उजाडावे लागले. टोकियोतील हिरोशी हांडा यांच्या गटाने सूक्ष्म चुंबकीय मण्यांना थॅलिडोमाइड जोडले, ते मणी पेशींच्या अर्कात फिरवले आणि मण्यांना काय चिकटून येते ते पाहिले. चिकटून आले ते सेरेब्लॉन नावाचे प्रथिन. पेशीतील नको असलेल्या प्रथिनांवर नष्ट करण्याची खूण उमटवणाऱ्या यंत्रणेचा ते एक भाग आहे. महापालिकेचा माणूस पाडायच्या इमारतीवर खूण करून जातो आणि मागाहून ती पाडली जाते, तसे हे काम चालते. थॅलिडोमाइड सेरेब्लॉनला चिकटले की खूण भलत्याच प्रथिनांवर उमटू लागते. अशा रीतीने आयकारोस आणि आयोलोस ही दोन प्रथिने नष्ट होतात, हे २०१४ साली थॅलिडोमाइडचाच पुढचा अवतार असलेल्या लेनॅलिडोमाइडच्या अभ्यासातून सिद्ध झाले. मायलोमाच्या पेशी या दोन प्रथिनांवाचून जगू शकत नाहीत, म्हणून त्या मरतात.

२०१८ साली याच साखळीतील आणखी एक दुवा पुढे आला. सेरेब्लॉनला चिकटलेले थॅलिडोमाइड गर्भात सॅल-४ नावाच्या प्रथिनाचाही नाश घडवते. जन्मतःच या प्रथिनाच्या जनुकात दोष असलेल्या मुलांच्या हातांत दिसणारी व्यंगे थॅलिडोमाइडच्या व्यंगांशी मिळतीजुळती असतात. गर्भावरील परिणामात इतर प्रथिनांचाही वाटा असावा, तरी सॅल-४ महत्त्वाचे आहे यावर आता फारसा वाद नाही. उंदरांवरील जुन्या प्रयोगांनी सर्वांना का फसवले तेही यातून कळले. उंदराचे सेरेब्लॉन माणसाच्या सेरेब्लॉनपेक्षा मोक्याच्या जागी एका अमिनो आम्लाने, म्हणजे प्रथिनाच्या साखळीतील एका कडीने, वेगळे असते, त्यामुळे तिथे ही भलती खूण नीट उमटतच नाही.

मला या सगळ्यात सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हेच. या औषधाचा एक वाईट गुण आणि एक चांगला गुण असे दोन निरनिराळे गुण नाहीत. ज्या क्रियेने मायलोमाची पेशी मरते त्याच क्रियेने गर्भाचा हात घडायचा राहतो. वडिलांच्या शरीरात हात-पाय नव्याने घडायचे नाहीत, म्हणून त्यांना तो धोका नाही, एवढाच फरक आहे. ‘शापाचे वरदान झाले’ अशा थाटाचे लेखन मला म्हणूनच मान्य नाही. त्यातून औषध जणू निर्मळ झाल्याचा समज पसरतो, आणि अशा समजातूनच हलगर्जीपणा वाढतो. थॅलिडोमाइडच्या रेणूचे डावे आणि उजवे असे दोन आरशातले प्रकार असतात व त्यांतील एकच घातक असतो, म्हणून दुसरा वेगळा काढला असता तर दुर्घटना टळली असती, हेही सर्रास सांगितले जाते. ते व्यवहारात चुकीचे आहे, कारण शरीरात गेल्यावर हे दोन्ही प्रकार एकमेकांत रूपांतरित होत राहतात.

लेनॅलिडोमाइड आणि पोमॅलिडोमाइड ही थॅलिडोमाइडपासूनच घडवलेली नवी औषधे मायलोमावर अधिक प्रभावी आहेत, आणि नसांना त्यांचा त्रास बराच कमी होतो. मग वडिलांना लेनॅलिडोमाइड का दिले नाही, हा प्रश्न तुम्ही डॉक्टरांना अवश्य विचारा, कारण आज पहिल्या उपचारात बहुतेक ठिकाणी त्यालाच पसंती असते आणि भारतीय कंपन्यांची औषधे आल्यापासून आपल्याकडे त्याची किंमतही आवाक्यात आली आहे. उत्तर समाधानकारक असू शकते. लेनॅलिडोमाइड मूत्रपिंडांवाटे बाहेर पडते, त्यामुळे मूत्रपिंडे बिघडलेली असताना त्याचा डोस जपून कमी करावा लागतो. थॅलिडोमाइडच्या बाबतीत तसे करावे लागत नाही, आणि रक्तपेशीही त्याने सहसा फारशा घटत नाहीत. मायलोमाचे निदान होते तेव्हा अनेकांचे क्रिएटिनिन (मूत्रपिंडे बिघडल्यावर रक्तात वाढणारा घटक) वाढलेले असते, म्हणून सुरुवातीचे काही महिने थॅलिडोमाइड वापरणे हा पूर्णपणे रास्त निर्णय ठरतो. गर्भाच्या दृष्टीने मात्र ही तिन्ही औषधे सारखीच वर्ज्य आहेत.

आता नसांविषयी. बोर्टेझोमिब आणि थॅलिडोमाइड ही दोन्ही औषधे नसांना इजा करू शकतात आणि वडिलांना ती एकत्र मिळत आहेत. थॅलिडोमाइडचा हा परिणाम साठत जातो, आणि उशिरा लक्षात आला तर औषध थांबवूनही पूर्णपणे भरून निघत नाही. वडिलांच्या पिढीतील माणसे ‘थोड्या मुंग्या येतात, वयच झाले’ असे म्हणून गप्प बसतात, म्हणून त्यांना ‘त्रास होतो का’ असे विचारून भागत नाही. मी बाह्यरुग्ण विभागात रुग्णाला शर्टाचे बटण लावायला सांगतो आणि चालताना चप्पल पायातून निसटते का, निसटली तर ते कळते का, हे त्याच्यासोबत आलेल्या माणसाला विचारतो. अंधारात बाथरूमकडे जाताना भिंतीचा आधार घेणे, रात्री तळव्यांची आग होणे, गरम पाण्याचा अंदाज न येणे ही लक्षणे दिसल्यास पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना कळवा. डोस वेळीच कमी केला किंवा औषध बदलले तर नसा वाचतात. त्या ८४ रुग्णांच्या अभ्यासात दिवसाला ८०० मिलिग्रॅमपर्यंत डोस वाढवला गेला होता. आज ५० ते २०० मिलिग्रॅमच्या मर्यादेतच काम भागते, ते यामुळेच.

दुसरा धोका रक्ताच्या गुठळ्यांचा आहे. डेक्सामेथासोनच्या जोडीने तो वाढतो आणि पहिल्या काही महिन्यांत अधिक असतो. त्यासाठी अ‍ॅस्पिरिन किंवा जास्त धोका असल्यास रक्त पातळ करणारे इंजेक्शन देतात. ती गोळी किरकोळ समजून परस्पर बंद करू नका. एकाच पोटरीला सूज येणे, तिथे दुखणे, अचानक धाप लागणे किंवा छातीत कळ येणे यांपैकी काहीही झाल्यास त्याच वेळी रुग्णालय गाठा. बद्धकोष्ठता जवळपास ठरलेलीच, तेव्हा भरपूर पाणी आणि डॉक्टरांच्या संमतीने इसबगोल किंवा सौम्य रेचक सुरुवातीपासूनच असू द्या. गुंगी येत असल्याने कॅप्सूल रात्री झोपताना द्यावी आणि वडिलांनी या काळात गाडी चालवू नये.

घरातील सुनेबद्दल स्पष्ट लिहितो. वडिलांच्या जवळ बसल्याने, त्यांच्या ताटातले खाल्ल्याने किंवा एकच बाथरूम वापरल्याने तिच्या गर्भाला धोका होत नाही. धोका औषध पोटात जाण्यात आहे. तिने कॅप्सूल हाताळू नयेत, डबी भरण्याचे काम दुसऱ्या कोणीतरी करावे, आणि कॅप्सूल कधीही उघडू किंवा फोडू नये. एखादी फुटलीच तर दुसऱ्या व्यक्तीने हातमोजे घालून ती जागा ओल्या कापडाने पुसून कापड पिशवीत बांधून टाकावे. वडिलांची उलटी किंवा लघवी पुसण्याची वेळ आली तर तेही तिच्याकडे येऊ देऊ नका. औषध कुलुपात ठेवा, आणि इतर गोळ्यांच्या डब्यात ते कदापि मिसळू नका, कारण डोकेदुखीची गोळी शोधताना होणारी अदलाबदल ही काल्पनिक शक्यता नाही. हे औषध वीर्यात उतरते, म्हणून ते घेणाऱ्या कोणत्याही पुरुषाने, नसबंदी झालेली असली तरी, मूल होऊ शकणाऱ्या स्त्रीशी संबंध ठेवताना उपचारकाळात आणि नंतरचे चार आठवडे निरोध वापरणे बंधनकारक आहे. वडिलांनी रक्तदानही करायचे नाही. मूल होऊ शकणारी स्त्री स्वतः रुग्ण असेल तर नियम आणखी कडक असतात. उपचारांच्या चार आठवडे आधीपासून एकाच वेळी दोन गर्भनिरोधक उपाय, औषध सुरू करण्यापूर्वी दोनदा गर्भचाचणी आणि नंतरही ठरावीक अंतराने चाचण्या, हे सर्व तिच्यासाठी अनिवार्य असते.

अमेरिकेत १९९८ मध्ये औषध परत आणताना हे नियम आखले गेले, तेव्हा कॅनडातील थॅलिडोमाइड पीडितांच्या संघटनेचे म्हणणे विचारात घेतले गेले होते. औषध परत येऊच नये ही त्यांची मनापासूनची इच्छा होती, परंतु रुग्णांना त्याची गरज आहे हे मान्य करून, चोरवाटेने येणाऱ्या औषधापेक्षा कडक बंधनांतले औषध बरे, अशी भूमिका त्यांनी घेतली. माझ्या मते या संपूर्ण इतिहासातील सर्वांत मोठ्या मनाचा निर्णय हाच आहे. आपल्याकडे मात्र ही बंधने पाळण्याची बरीचशी जबाबदारी लिहून देणारा डॉक्टर, औषध विक्रेता आणि घरची माणसे यांच्या सचोटीवर पडते. म्हणून पहिल्याच भेटीत गर्भधारणेविषयी काहीही न विचारता आणि न सांगता हे औषध हाती देण्यात आले असेल, तर तो विषय तुम्ही स्वतः काढा.

उपचाराचा हा टप्पा साधारण चार ते सहा महिन्यांचा असतो. त्यानंतर प्रत्यारोपण करायचे किंवा औषध बदलायचे ते ठरेल, आणि बहुधा काही कॅप्सूल शिल्लक राहतील. ब्राझीलमध्ये कुष्ठरोगासाठी हे औषध सतत उपलब्ध राहिले, आणि १९६० चे दशक संपल्यानंतरही तिथे थॅलिडोमाइडची व्यंगे घेऊन बालके जन्मत राहिली. रुग्णाला दिलेल्या गोळ्या घरातल्या किंवा शेजारच्या दुसऱ्या कोणीतरी घेतल्या, हे त्यामागचे एक कारण होते. पाकिटावरील काट मारलेल्या गरोदर स्त्रीचे चित्र पाहून ही गर्भ राहू न देणारी गोळी असावी, असाही काहींचा समज झाला होता. आपल्याकडे महागडे औषध वाया जाऊ नये म्हणून ते दुसऱ्या गरजू रुग्णाला देण्याची चांगली सवय आहे, पण या औषधाच्या बाबतीत ती मोडावीच लागेल. उरलेल्या कॅप्सूल मोजून, मूळ पाकिटासह, ज्या रुग्णालयातून किंवा दुकानातून घेतल्या तिथेच परत करा आणि परत केल्याची नोंद वडिलांच्या फाइलमध्ये करून घ्या.